सहा वाजता पोकळी

५.१ × ३.८

हे सेंटिमीटर आहेत. आधी लांबी, मग रुंदी. कोचबाईंच्या उजव्या पायाला, आतल्या बाजूने, घोट्याच्या चार बोटं वर पंधरा महिने जी जखम होती, तिची ही मापं. शिरांमधलं रक्त वर चढायचं सोडून पायातच बसकण मारतं तेव्हा अशी जखम होते, आणि मग ती चिकट पाहुण्यासारखी वागते. निघते निघते म्हणते आणि पुन्हा बसते.

पंधरा महिन्यांत तिच्यावर तीन डॉक्टर, दोन रंगांच्या गोळ्या आणि धाकट्या दिराने आणलेलं, डबीवर घोड्याचं चित्र असलेलं एक मलम, एवढे प्रयोग झाले. मग दवाखान्याने सिस्टरना घरी पाठवलं.

सिस्टर फक्त जुन्या जखमा बघायच्या. ताज्या जखमेचं त्यांना कौतुक नव्हतं. कापलं, शिवलं, भरलं, त्यात काय. जखम कशी सहा महिने तरी मुरलेली हवी. जखम धुवायच्या सलाईनची बाटली त्या घरून निघतानाच खिशात उबेला ठेवायच्या, कारण गार पाण्याने जखम दचकते. पट्टी उघडली की आधी वास घ्यायच्या, मग बघायच्या, मग कागदी पट्टीने मोजायच्या आणि मोजून होईपर्यंत घरात कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही.

"कशी आहे?" कोचबाईंनी विचारलं.

"हट्टी आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आदर होता.

कोचबाई सहासष्ट वर्षांच्या. गावातल्या पोहण्याच्या तलावावर अडतीस वर्षं शिकवत होत्या. जखम झाल्यापासून पाण्यात उतरायची बंदी, म्हणून काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लांब बांबूने पोरांना ढोसून शिकवायच्या. आणि तीन महिन्यांनी, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, तो तलावच पाडायला घेणार होते.

"तलाव उघडला त्या दिवशी पहिली उडी माझी होती," कोचबाई म्हणाल्या. "पाणी पुरतं भरलंही नव्हतं, गुडघे फुटले. आता शेवटची लांबी माझी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदाच. मग तलाव पाडा, नाहीतर मला पाडा."

"बंद जखमेशिवाय पाण्यात पाय नाही."

"तुम्ही कधी गेला आहात पाण्यात?"

"वेळ नाही मिळाला."

सिस्टरचं वय एक्कावन्न होतं.

कोचबाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. अडतीस वर्षांत पाण्याला घाबरणारी हजारभर माणसं त्यांनी पाहिली होती. ती सगळी असंच, वेळेचं कारण सांगायची.

"ठरलं मग. मी मिटले की तुम्ही उतरायचं."

"कोचबाई, मी इथे ड्रेसिंगला येते."

"गळ्यापर्यंत."

"घोट्यापर्यंत," सिस्टर म्हणाल्या, आणि आपण घासाघीस करतोय म्हणजे मान्य केलंय, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

कंबरेवर तडजोड झाली. सिस्टरनी हिशोब केला होता: पाच सेंटिमीटर, पंधरा महिने मुरलेली, एवढ्यात काही मिटत नाही. वहीत 'ध्येय' नावाचा रकाना असतो. त्यात त्यांनी लिहिलं: रुग्ण, तलावाची एक लांबी. आणि कोचबाई पेन सोडेनात म्हणून खाली: सिस्टर, कंबरेपर्यंत.

त्या दिवसापासून कोचबाई सिस्टरना पाण्यात पाहू लागल्या. शब्दशः.

४.२ × ३.०

सोमवार आणि गुरुवार, सकाळी दहा. तीन आठवड्यांत जखम एवढी आक्रसली. सिस्टरना आनंद झाला, आणि कंबरेचा हिशोब चुकतोय हेही कळलं.

जखमेची वही दारामागे खुंटीला टांगलेली असायची. त्यात सिस्टर लिहायच्या त्याला एक पद्धत होती. जखमेवर घड्याळ ठेवलंय असं समजायचं. पेशंटच्या डोक्याची बाजू बारा, पायाच्या बोटांची बाजू सहा. म्हणजे दुसरी कोणी नर्स आली तरी कुठे काय बघायचं ते तिला कळतं. एकवीस वर्षं सिस्टर असंच लिहीत आल्या होत्या आणि हे सगळ्यांना समजतं अशी त्यांची समजूत होती.

*११ वाजता लाल दाणे, छान. ३ वाजता कड पांढरी, मऊ. ६ वाजता पोकळी, अर्धा सेंमी.*

आता कोचबाईंच्या यजमानांबद्दल. ते बस डेपोत तेहतीस वर्षं टाइमकीपर होते. गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता लागली हे लिहून ठेवायचं, एवढंच काम, आणि ते त्यांनी एकही खाडाखोड न करता केलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरातला चहा ७:४२ ला सुटायचा आणि पेपरवाला नऊ मिनिटं लेट लागायचा.

सिस्टर गेल्या की टाइमकीपर खुंटीवरची वही काढून वाचायचे.

४.२ × ३.१

हलली नाही.

४.३ × ३.१

उलटी निघाली.

४.४ × ३.३

सिस्टरची झोप उडाली. जेवताना घास हातात धरून त्या भाताच्या ढिगाची मापं मनात घ्यायच्या. मुलगी म्हणाली, "आई, ती बाई पाण्यात गेली नाही तर तुलाच सुटका ना. मग तोंड का पाडलंयस?"

"कोणी मुद्दाम केल्यासारखी वाढतेय गं."

"तू नाहीस ना केलं मुद्दाम?"

हा प्रश्न सिस्टरना लागला. कारण तो त्यांनी स्वतःलाही विचारून झाला होता. पाण्यात उतरायला नको म्हणून आपला हात आखडतोय का? त्यांनी सगळं ड्रेसिंग पहिल्यापासून आठवून पाहिलं. हात आखडला नव्हता. मग त्यांनी संशयितांची यादी केली.

मीठ. नाही, कोचबाई आळणीच खातात आणि ते सगळ्या गल्लीला ऐकवतात.

पाय लोंबकळत ठेवणे. नाही. पाय हृदयापेक्षा उंच ठेवायला सांगितलं होतं; कोचबाई तो कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवून पेपर वाचतात.

घोड्याचं मलम. दिराला फोन केला. डबी त्यांनी परत नेली होती, गुडघ्याला लावताहेत, घोड्यासारखं वाटतं म्हणाले.

मांजर. मांजर नाही.

पट्टी सैल. नाही. दाबाच्या पट्टीवर छापलेले लांबट चौकोन ताणल्यावर बरोबर चौरस व्हायला हवेत. ते चौरस होते. नुसते चौरस नव्हते, एका रेषेत होते. इतकी सुबक पट्टी आपण बांधली होती? सिस्टरना स्वतःचं कौतुक वाटलं. तिथेच त्यांना संशय यायला हवा होता.

टाइमकीपर मधूनच काहीतरी बोलायचे. "कालची सहाची अगदी वेळेवर होती हो सिस्टर." किंवा, "तीनची जरा फिकी वाटली." सिस्टरना वाटायचं, बसबद्दल बोलताहेत. निवृत्त माणसाला बसबद्दल बोलू द्यावं.

मग एका सोमवारी खालच्या कडेला, किंचित उजवीकडे, नखाएवढी गुलाबी झिल्ली दिसली. नवी कातडी. सिस्टरनी उत्साहाने लिहिलं: *५ वाजता नवी त्वचा, किंचित.*

गुरुवारी दार उघडलं तोच टाइमकीपर तक्रार घेऊन उभे.

"सिस्टर, पाचला काही आलं नाही."

"कोण यायचं होतं?"

"त्वचा. मी पाचला पाच कमी असतानाच उघडून बसलो होतो. सव्वापाचपर्यंत वाट पाहिली. शेवटी सहाच्या पोकळीची तयारी करायची होती म्हणून बांधून टाकलं."

सिस्टरनी हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"काय उघडून बसला होतात?"

"पट्टी."

"कधीपासून उघडताय?"

"वही वाचायला लागल्यापासून. तुम्ही वेळा दिल्यात, पण बघायला आठवड्यातून दोनदा येता, तेही दहाला. दहाला तर काहीच नसतं. म्हटलं, नोंद ठेवायला नको?"

त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आतून एक तक्ता चिकटवला होता. पट्टीने आखलेला, तीन रकान्यांचा.

नियोजित ११:०० | लाल दाणे | दिसले
नियोजित ३:०० | कड पांढरी | पांढरी नाही, फिकट
नियोजित ६:०० | पोकळी | वेळेवर

"सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा," टाइमकीपर म्हणाले. "पहाटेचे तीन तेवढे रद्द केले. झोप लागते."

"दिवसातून पाच वेळा," सिस्टर म्हणाल्या.

"हात स्वच्छ धुऊन. पट्टी तुमच्यासारखीच बांधतो. चौरस."

सिस्टर स्टुलावर बसल्या. मग कोचबाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही उघडू दिलंत?"

"मला वाटलं तुम्हीच सांगितलंय." कोचबाई जरा लाजल्या. "शिवाय लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. दिवसातून पाच वेळा माझ्याकडे बघायला हा माणूस आजवर आला नव्हता."

"तुझ्याकडे नाही, पोकळीकडे," टाइमकीपर म्हणाले.

"तेच ते. माझीच ना पोकळी?"

"काका," सिस्टर म्हणाल्या. ओरडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. जखमेसमोर त्या कधी ओरडत नसत. "हे घड्याळ भिंतीवरचं नाही. पायावरचं आहे. डोकं म्हणजे बारा. बोटं म्हणजे सहा. सहा वाजता म्हणजे खालच्या बाजूला. ती पोकळी दिवसभर तिथेच असते."

टाइमकीपरनी आधी भिंतीकडे बघितलं, मग पायाकडे. मग म्हणाले, "म्हणजे ती सुटतही नाही आणि लागतही नाही?"

"झाकलेली राहिली तर मिटते. उबेत. दर वेळी उघडलीत की ती गारठते, आणि आलेली झिल्ली पट्टीबरोबर निघून येते. तीन आठवडे मी भरतेय आणि तुम्ही उपसताय."

टाइमकीपरनी तक्ता उचकटून काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. तेहतीस वर्षांतली ही त्यांची पहिली खाडाखोड. तलाव बंद व्हायला सहा आठवडे उरले होते, आणि हे गणित त्या खोलीत तिघांनाही येत होतं.

"मी तिची शेवटची लांबी खाल्ली," ते म्हणाले.

"अजून नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि बाटली खिशातून काढली.

२.१ × १.४

त्या दिवसापासून वहीत वेळ लिहिणं बंद. *टाचेकडे. गुडघ्याकडे. खिडकीकडे,* कारण कोचबाई नेहमी एकाच खुर्चीत बसायच्या. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरनी वही तपासताना विचारलं, "खिडकीकडे कड कोरडी म्हणजे काय? जखमेला खिडकी आहे?" आणि वर ऐकवलं, "पेशंटला इतकं डोक्यावर बसवायचं नसतं."

टाइमकीपर आता पायाच्या राखणीला बसायचे. माशीसुद्धा लेट लागली तरी हाकलायचे. पट्टीच्या टोकावर त्यांनी आपली सही करून ठेवली होती, म्हणजे उघडली तर कळेल. उघडणारे ते एकटेच होते, पण नियम तो नियम.

०.६ × ०.३

तांदळाएवढी. सिस्टरनी घरी बादलीत पाय बुडवून पाहिला. घोट्यापर्यंत. मुलीने मोजलं: चार सेकंद.

० × ०

गुरुवार. सिस्टर तीनदा मोजून बसल्या. मग भिंग आणलं. गुलाबी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी, कडेपासून कडेपर्यंत.

"मिटली," त्या म्हणाल्या.

"शनिवारी चार वाजता," कोचबाई म्हणाल्या. "भिंतीवरचे चार."

सिस्टरनी भिंग पिशवीत ठेवलं. पेन उघडलं नाही. लागोपाठच्या दोन भेटींत शून्य आल्याशिवाय त्या जखम मिटली असं लिहीत नसत. नव्या कातडीला पाणी लागलं की ती फुगून फाटते. एकवीस वर्षांत हे त्यांनी किती वेळा पाहिलं होतं. दुसरी भेट सोमवारी. तलाव शनिवारी बंद.

"दोन शून्यं. हा माझा नियम आहे."

कोचबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "नियम आहे, की पाणी आहे?"

नियम खरा होता. भीतीही खरी होती. दोन्ही एकाच दिशेला तोंड करून उभी असली की कोण बोलतंय ते बाहेरून कळत नाही. आतूनही नाही.

खोल टोकाला: १ मीटर ९०

आता हे माप तलावाचं.

शनिवार, दुपारी तीन. तलावाच्या रखवालदाराला, ज्याला सगळे क्लोरीन म्हणायचे, हुकूम आला होता की तीन वाजता पाणी सोडून द्या. त्याने तीन वाजता सोडलं. या घड्याळात घोळ नव्हता.

खोल टोकाला: १ मीटर ४०

चारला कोचबाई आणि टाइमकीपर पोचले तेव्हा उथळ टोकाला पाणी जेमतेम मांडीपर्यंत उरलं होतं. सुट्टीचा दिवस असून सिस्टर आधीच तिथे हजर होत्या, गणवेशात, काठापासून सहा हात लांब. कोचबाईंनी नियम मोडू नये म्हणून पहारा करायला आल्या होत्या.

"मी नुसती बघायला आलेय," कोचबाई म्हणाल्या.

"मग गळ्यापाशी पोहण्याच्या पोशाखाची पट्टी का दिसतेय?"

"आत हवा खेळती राहते."

क्लोरीनने घसा साफ केला. "काय ते ठरवा. दोन तासांत माझी फरशी दिसायला लागेल."

कोचबाई काठावरच्या आपल्या खुर्चीत बसल्या. बांबू मांडीवर घेतला. कोणाला ढोसायला समोर कोणी नव्हतं. आणि त्यांनी, सवयीने, उजवा पाय उचलून खुर्चीच्या समोरच्या कठड्यावर ठेवला. हृदयापेक्षा उंच. जसं सिस्टरनी सांगितलं होतं.

सिस्टर त्या पायाकडे बघत राहिल्या. पाय हवेत होता. बाकीच्या कोचबाईंना कसलीही जखम नव्हती.

"तुम्हाला पाठीवर पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"हे तुम्ही कोणाला विचारताय?"

"एक पाय पाण्याबाहेर ठेवून?"

"बाहेर राहील कसा? धरणार कोण?"

टाइमकीपरनी घड्याळाकडे बघितलं. सिस्टरनी बूट काढले, मोजे काढून बुटात नीट खोचले, पिशवीतून जाड प्लास्टिकची पिशवी काढून कोचबाईंच्या पायावर गुडघ्यापर्यंत चढवली आणि दोन ठिकाणी चिकटपट्टीने बंद केली. मग त्या शिडीवरून उतरल्या. पाठमोऱ्या, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत.

"कंबरेपर्यंतच ठरलं होतं," पाणी मांडीला लागल्यावर त्या म्हणाल्या.

"लांबी पंचवीस मीटर आहे," कोचबाई म्हणाल्या. "आणि तळाला उतार आहे."

खोल टोकाला: १ मीटर ३५

तर दृश्य असं. कोचबाई पाठीवर, दोन्ही हात सावकाश मागे फेकत. उजवा पाय सिस्टरच्या खांद्यावर, पिशवीत. सिस्टर मागून चालताहेत, घोटा दोन्ही हातांनी धरून, गळू नये असं भांडं नेतात तसं. काठाने टाइमकीपर.

"मला दिसत नाही, कुठे चाललेय?" कोचबाईंनी विचारलं.

"अकराकडे झुकताय. बाराला चला."

"चार वाजून सात झालेत," टाइमकीपर काठावरून म्हणाले.

"काका, डोकं म्हणजे बारा."

"हो, हो. सवय."

मध्यावर पाणी सिस्टरच्या छातीला आलं. छातीवर, स्वतःला वाचता यावं म्हणून उलटं लावलेलं घड्याळ बुडालं आणि चार वाजून नऊला थांबलं. पुढे पाणी खांद्याला आलं, आणि जिथे खांदा बुडतो तिथे खांद्यावरचा पायही बुडतो. सिस्टरनी पाय उचलला. आता ठेवायला एकच जागा कोरडी उरली होती.

"सिस्टर, पाय कुठे आहे माझा?"

"डोक्यावर."

"तुमच्या?"

"बोलू नका. हात मारा. एक वाजता जरा जास्त ओढताय."

पाणी हनुवटीला लागलं. सिस्टर टाचा उंचावून, मान ताठ, डोक्यावर एक पाय घेऊन, नाकाने श्वास घेत चालत होत्या. घाबरायला त्यांना वेळ मिळाला नाही, आणि या वेळी हे कारण खरं होतं. सगळं लक्ष प्लास्टिकच्या पिशवीच्या कडेकडे होतं. थेंब चढतो का. चढला नाही.

कोचबाईंचा हात भिंतीला लागला. त्या तशाच तरंगत राहिल्या, आभाळाकडे बघत, बराच वेळ. क्लोरीननेही घाई केली नाही.

"लागली," टाइमकीपर म्हणाले. "चार चौदा." त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला तक्ता काढला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.

दोघांनी मिळून कोचबाईंना वर घेतलं. पाय कोरडा.

"या आता तुम्ही," कोचबाई काठावरून म्हणाल्या. बांबू पुढे केला. "हा धरा."

सिस्टरनी कोपऱ्यातली शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पाय वर उचलायचा म्हटलं तर आधी एक हात सोडावा लागणार होता.

"मी थांबते," त्या म्हणाल्या. "पाणी जातंच आहे."

खोल टोकाला: ० मीटर ४०

गेलं. सव्वा तास लागला. क्लोरीनने त्यांना तिथेच चहा नेऊन दिला.

० × ०

सोमवार, सकाळी दहा. दुसरं शून्य. सिस्टरना सर्दी. 'ध्येय' रकान्यात, दोन्ही ओळींपुढे, टाइमकीपरच्या अक्षरात: *वेळेवर.* आणि सिस्टरच्या ओळीत 'कंबर' खोडून वर 'हनुवटी'.